वाँटेड पोस्टरवाली जाडजूड अक्षरं: काउबॉयची का छापखान्याची?

पाटीबहाद्दर

नमस्कार मंडळी. गूगल फॉन्ट्सवर 'राय' नावाचा एक फॉन्ट आहे, निकोल फॅली यांनी केलेला. नाव माहीत नसलं तरी बघितलेला असणार, कारण बार्बेक्यूचा स्टॉल असो, जीन्सचं दुकान असो नाहीतर पोरांच्या बड्डेची काउबॉय थीम असो, फ्लेक्सवाला डोळे झाकून हा किंवा याचा कुठलातरी चुलतभाऊ लावून मोकळा होतो. जाडजूड अक्षरं, टोकांना जाड चौकोनी पट्ट्या, उभ्या दांड्याच्या मधोमध बाहेर आलेले छोटे काटे. बघितलं की लगेच घोडे, धुरळा आणि सलूनचं (तिकडच्या दारूच्या गुत्त्याचं) ढकलदार.

मीपण हे फ्लेक्सवर पुष्कळ वापरलंय. पण हे तिकडचे गुराखी खरंच असल्या अक्षरांच्या गावात राहायचे का, हा किडा डोक्यात होता, म्हणून वाचत सुटलो. जे हाती लागलं ते इथं टाकतोय, जाणकारांनी भर घालावी.

आधी निकाल सांगतो. ही अक्षरं गुराख्यांची नाहीतच. जन्म लंडनचा, वाढली अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या कारखान्यांत, आणि काउबॉयच्या गळ्यात ती पार नंतर बांधली गेली.

एकोणिसावं शतक सुरू होताना लंडनमधे कारखान्यांचा माल, लॉटरीची तिकिटं, नाटकांचे खेळ हे सगळं एकदम विकायला आलं आणि भिंतीवर कागद चिकटवायची झुंबड उडाली. तोपर्यंत छापखान्यात जी अक्षरं होती ती पुस्तकाची, नाजूक, हातात धरून वाचायची. रस्त्याच्या पलीकडून ती दिसणार कशी? मग टाईप ओतणाऱ्यांनी अक्षरं फुगवायला सुरुवात केली. व्हिन्सेंट फिगिन्स याने १८१५-१७ च्या आसपास 'अँटिक' नावाचं अक्षर आणलं, सगळ्या रेषा जवळपास सारख्या जाड आणि टोकांना वीटभर जाडीच्या पट्ट्या. यालाच पुढे लोक 'इजिप्शियन' म्हणायला लागले, आज आपण स्लॅब सेरिफ म्हणतो. गंमत म्हणजे १८१६ साली विल्यम कॅस्लन चौथा याने जे इजिप्शियन नावाने छापलं त्याला टोकांना काहीच नव्हतं, म्हणजे आजच्या भाषेत सॅन्स सेरिफ! नावांचा गोंधळ तेव्हापासूनचा आहे, आपण टेन्शन घेऊ नये.

मग १८२१ मधे 'इटालियन' नावाचं एक अक्षर आलं, कॅस्लन अँड कॅथरवुड या फाउंड्रीतून, म्हणजे टाईप ओतायच्या कारखान्यातून. त्यात कुणीतरी सरळ उलटा कारभार केला, म्हणजे जिथे रेषा जाड असते तिथे बारीक आणि जिथे बारीक असते तिथे जाड. वरखाली दोन जाडे पट्टे आणि मधे काडी. तेव्हाच्या जाणत्या लोकांनी नाकं मुरडली, पण भिंतीवर ते लांबून दिसायचं आणि जाहिरात देणाऱ्याला तेवढंच पायजे होतं. १८४५ साली फॅन स्ट्रीट फाउंड्रीच्या रॉबर्ट बेझली याने 'क्लॅरेंडन' आणलं, जरा सभ्य, गोलाईदार. त्याने त्याची कायद्याने नोंदणीपण केली, तीन वर्षांचं संरक्षण मिळालं आणि ती तीन वर्षं संपल्यावर बाकीच्यांनी धडाधड नकला काढल्या. त्या क्लॅरेंडनला उभं ताणून, वरचे-खालचे पट्टे आणखी जाड करून १८६० च्या दशकात जे झालं ते 'फ्रेंच क्लॅरेंडन'. नावात फ्रेंच आहे म्हणून फसू नका, हे खपलं अमेरिकेत आणि आपल्या डोक्यातलं 'वाँटेड' बहुतेक याच अक्षरात असतं.

आता अमेरिकेचा भाग, आणि माझ्या मते खरी गोष्ट इथेच आहे. एवढाली अक्षरं शिशाची ओतायची म्हणजे जड, महाग, आणि थंड होताना पृष्ठभाग मधे दबतो तो वेगळाच, की छपाई डागाळलेली. लाकडाची अक्षरं हाताने कोरायची पद्धत होतीच पण एकेक अक्षर कोरत बसणार किती. १८२७ मधे न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्स याने फिरत्या पात्याचं यंत्र लावून लाकूड कोरायला सुरुवात केली, १८२८ ला त्याचा पहिला कॅटलॉग निघाला. १८३४ मधे विल्यम लेव्हनवर्थ याने त्याला पँटोग्राफ जोडला. म्हणजे एका बाजूला अक्षराचा साचा, त्यावरून सुई फिरवायची, दुसऱ्या बाजूला पातं तेच अक्षर लाकडात कोरतं, लहान किंवा मोठं. एकदा साचा केला की झालं. डिझायनरला हवं ते करायची मुभा मिळाली आणि मग काय विचारता, काटे, कंगोरे, सावल्या, फुलं, अक्षराच्या आत अक्षर, एकाचढ एक. मशीन स्वस्त झाल्यावर माणूस साधं काही करत नाही, हे फोटोशॉपमधे ड्रॉप शॅडो आली तेव्हा आपण पाहिलंच की.

बाकी प्रतिसादात लिहितो, हात दुखला.

कोल्हापुरी_तडका

भारी धागा. चहा घेऊन बसलोय, येऊद्या.

शंकासुर

लेख छान पण एक शंका. तुम्ही म्हणता गुराख्यांची नाहीत, मग वाँटेड पोस्टर काय होती? ती तर खरोखरची होती ना? म्युझियममधे ठेवलीयत लोकांनी.

पाटीबहाद्दर

@शंकासुर, पोस्टर खरीच होती, पण दिसायला आपल्या डोक्यातल्यासारखी बहुतेक नव्हती. सगळ्यात गाजलेलं घ्या, लिंकनच्या खुनानंतरचं. २० एप्रिल १८६५ ची तारीख, वॉशिंग्टनच्या युद्ध खात्याने काढलेलं. वर सगळ्यात मोठं काय लिहिलंय? तर १ लाख डॉलर 'रिवॉर्ड'. त्यातले ५० हजार खुनी बूथसाठी आणि २५-२५ हजार दोन साथीदारांसाठी. वाँटेड हा शब्द मथळ्यात नाहीच. बक्षीस किती ते आधी, माणूस नंतर, कारण लोक पैशाचा आकडा बघून थांबतात. फोटो पण चित्रं काढून छापलेले नाहीत, छोटे फोटो छापून ते कागदावर चिकटवले होते.

आणि जेसी जेम्स या दरोडेखोरासाठी मिसूरीच्या गव्हर्नरने १८८१ साली जे जाहीर केलं, ५ हजार डॉलरवालं, ती सरकारी उद्घोषणा आहे, भरपूर मजकूर. आपल्याकडच्या जाहीर नोटीसच्या जवळ जाणारं प्रकरण. मधे मोठा फोटो, वर वाँटेड, खाली डेड ऑर अलाइव्ह हा जो साचा आपल्या डोक्यात बसलाय तो सिनेमाच्या प्रॉप खात्याने बसवलाय.

खिळेजुळारी

धागाकर्त्यांनी यंत्राचं छान लिहिलंय. मी वडलांच्या ट्रेडलवर (पायाने चालवायच्या छपाई यंत्रावर) बरीच वर्षं काढलीत, कराडकडे, त्यामुळे छापखान्याच्या बाजूने थोडं लिहितो.

त्या पोस्टरांवर प्रत्येक ओळ वेगळ्या अक्षरात का असते, असं पोरं मला विचारतात. त्यांना वाटतं हौस. हौस नव्हे हो, अडचण. फर्म्यात, म्हणजे अक्षरं आवळायच्या चौकटीत, ओळ दोन्ही बाजूंनी घट्ट बसली पाहिजे, ढिली राहिली की खिळे, म्हणजे सुटी अक्षरं, उडतात. आता कागदाची रुंदी ठरलेली. 'आज' असा दोन अक्षरी शब्द आणि 'महाराष्ट्र' असा लांबडा शब्द, दोन्ही ओळी कडेपासून कडेपर्यंत भरायच्यात. कॉम्प्युटरवर तुम्ही ओढून ताणता, लाकडाला कसं ताणणार. म्हणून छोट्या शब्दाला रुंद अक्षर काढायचं, मोठ्या शब्दाला चेंगरलेलं. म्हणूनच तिकडच्या कॅटलॉगमधे एकाच अक्षराचे रुंद, अतिरुंद, अरुंद, अतिअरुंद असे प्रकार असतात. कंपोझिटर, म्हणजे अक्षरं जुळवणारा, कपाट उघडतो आणि जे बसेल ते लावतो. मोठं काय करायचं, लहान काय, हे मालक सांगायचा, पण कुठल्या वळणाचं अक्षर हे बऱ्याचदा शब्दाची लांबीच ठरवायची.

दुसरं लाकडाबद्दल. कुठलंही लाकूड चालत नाही. तिकडे मॅपल वापरायचे, तेही ओंडका उभा चिरून फळ्या नाही, तर मुळ्याच्या चकत्या काढाव्यात तसा आडवा कापायचा, म्हणजे रेषांची टोकं वर येतात आणि दाब पडला तरी अक्षर दबत नाही. मग ते लाकूड भरपूर वाळवायचं. उंची शिशाच्या खिळ्याएवढीच, पाऊण इंचापेक्षा जास्त, ०.९१८ इंच, कारण दोन्ही एकाच फर्म्यात लागायचे. यंत्राचं पातं गोल फिरतं, त्यामुळे आतले कोपरे गोलसर राहतात, ते शेवटी माणूस हत्याराने साफ करायचा.

माप पण वेगळं, पॉइंटात नाही, 'लाइन'मधे. एक लाइन म्हणजे १२ पॉइंट. १० लाइनचं अक्षर म्हणजे १२० पॉइंटचं.

आमच्याकडे कुस्तीच्या मैदानाची, तमाशाची पोस्टरं मोठ्या टायपात निघायची पण एवढी चैन कुठली, असेल त्या दोन-तीन टायपांत भागवायचं.

मधुरा_नि

@खिळेजुळारी काका, ओळ का वेगळी असते हे मला कॉलेजात पाच वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आम्हाला शिकवलं 'एका पोस्टरवर दोनपेक्षा जास्त फॉन्ट लावू नका' आणि मग व्हिंटेज असाइनमेंटला 'लावा सात-आठ'. कारण विचारायचं नाही.

मिलवॉकीची_मावशी

लाकडी अक्षरांचं नाव निघालं म्हणून लॉगिन केलं, नाहीतर मी नुसती वाचणारी. मी अमेरिकेत विस्कॉन्सिनला असते. आमच्याकडून दीड-दोन तासांवर टू रिव्हर्स नावाचं गाव आहे, मिशिगन सरोवराच्या काठावर. तिथे हॅमिल्टन वुड टाईप म्युझियम आहे. घरी पाहुणे आले की यजमान चीज फॅक्टरी दाखवतात आणि मी हे दाखवते.

जेम्स एडवर्ड हॅमिल्टन हा माणूस या धंद्यातला नव्हताच. ओळखीच्या छापखानेवाल्याला पोस्टरसाठी मोठी अक्षरं तातडीने हवी होती, याने पायाने चालणाऱ्या करवतीवर लाकडाची कापून दिली. ती चालली म्हणून १८८० मधे धंदाच काढला. त्याची युक्ती अशी की आख्खं अक्षर महागाच्या लाकडात कोरायचं नाही, हॉली नावाच्या झाडाच्या पातळ लाकडातून अक्षर कापायचं आणि स्वस्त लाकडाच्या ठोकळ्यावर चिकटवायचं. निम्म्या किमतीत माल द्यायला लागल्यावर पूर्वेकडचे जुने कारखाने गडबडले. पुढे त्याने एकेकाला विकतच घेतलं, १८९१ ला पेज नावाच्या कारखानदाराची कंपनीसुद्धा. शेवटी लाकडी अक्षर म्हणजे हॅमिल्टन असंच झालं.

म्युझियममधे १५ लाखांच्या आसपास लाकडी अक्षरं आहेत. ड्रॉवर उघडला की शाईचा आणि जुन्या लाकडाचा वास येतो. तिथे छापूनही बघता येतं, माझ्या लेकीने तिचं नाव छापलं, पण त्यात दोन 'ए' लागत होते आणि त्या ड्रॉवरमधे एकच धड होता, मग दुसरा दुसऱ्याच वळणाचा लावला. काका म्हणतात ती अडचण आम्ही प्रत्यक्ष पाहिली.

आणि टेनेसीत नॅशव्हिलला हॅच शो प्रिंट म्हणून १८७९ चं दुकान आहे, ते अजून याच पद्धतीने गाण्याच्या कार्यक्रमांची पोस्टरं छापतं. कुणी तिकडे गेलं तर चुकवू नका.

पाटीबहाद्दर

मावशी, मस्त! पेजचं नाव काढलंत म्हणून. विल्यम पेज हा कनेक्टिकटचा, आणि १८७४ साली त्याने रंगीत लाकडी अक्षरांचा एक नमुना ग्रंथ काढला. 'क्रोमॅटिक' टाईप म्हणजे एकाच अक्षराचे दोन-तीन वेगळे ठोकळे. एकाने आतला भाग लाल छापायचा, दुसऱ्याने बाहेरची कड निळी, जिथे एकावर एक येईल तिथे तिसरा रंग आपोआप तयार. आज स्क्रीनवर त्याची पानं बघितली तरी डोळे दिपतात, आणि हे सगळं लाकूड आणि शाईवर, ठोकळे केसभर हलले की पान वाया.

अडोबीने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला लाकडी अक्षरांवरून फॉन्ट काढले त्यांची नावं झाडांची आहेत, जुनिपर, पाँडेरोसा, कॉटनवुड, आयर्नवुड, मेस्कीट. १९९४ चा 'रोजवुड' तर पेजच्या क्रोमॅटिक अक्षरावरूनच केलाय, म्हणून त्यात 'फिल' नावाचा दुसरा फॉन्ट येतो. लोक एकटा नक्षीवाला लावतात आणि मग म्हणतात वाचता येत नाही. अरे बाबांनो खाली फिल लावा, वेगळ्या रंगात, तो त्यासाठीच आहे.

शंकासुर

अजून पटलं नाही. ठीक आहे, कारखाने पूर्वेला. पण माल तर पश्चिमेला जातच असेल ना? टूम्बस्टोन, डॉज सिटी, तिथल्या छापखान्यांत ही अक्षरं नव्हती असं म्हणायचंय का? नसतील तर सिनेमावाल्यांनी हवेतून काढली का?

पाटीबहाद्दर

नाही नाही, होतीच की. मुद्दा वेगळा आहे. ती तिथे होती कारण तेव्हा सगळीकडेच होती. बोस्टनच्या साबणाच्या जाहिरातीवर, लंडनच्या नाटकाच्या पोस्टरवर, फिलाडेल्फियाच्या लिलावाच्या नोटीशीवर, सर्कशीवर. म्हणजे ती एका काळाची खूण आहे, आपण तिला एका जागेची करून टाकली. १८७० च्या लंडनमधला माणूस आजच्या बार्बेक्यूच्या पाटीसमोर उभा केला तर त्याला घोडा आठवणार नाही, नाटकाचं तिकीट आठवेल.

याचा पुरावा तुमच्या कॉम्प्युटरमधेच आहे. एमएस ऑफिसबरोबर 'प्लेबिल' नावाचा फॉन्ट यायचा, उंच, चेंगरलेला, वरखाली जाड. शाळेच्या स्नेहसंमेलनात काउबॉय डान्स असला की पोरं हमखास तोच लावायची. तो १९३८ चा आहे, रॉबर्ट हार्लिंगने शेफील्डच्या स्टीफन्सन ब्लेक या फाउंड्रीसाठी केलेला. आणि प्लेबिल म्हणजे काय, तर नाटकाची जाहिरात! इंग्रजाने इंग्लंडच्या थेटरची आठवण म्हणून केलेला फॉन्ट आपण टेक्सासचा समजून वापरतो.

उलट पश्चिमेला सुरुवातीच्या काळात अक्षरांचे वांधेच होते. १८४६ साली कॅलिफोर्नियात माँटेरेला 'कॅलिफोर्नियन' नावाचं पहिलं वर्तमानपत्र निघालं, ते जुन्या स्पॅनिश टायपावर. स्पॅनिशमधे डब्ल्यू लागत नाही म्हणून टायपात डब्ल्यूच नाही, मग दोन व्ही शेजारी-शेजारी लावून काम भागवलं. नक्षीकाम राहूदे, पूर्ण एबीसीडीसुद्धा नव्हती.

जुना_जोगी

वेस्टचा, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेचा, 'शो' कधी झाला ते बघा, म्हणजे उत्तर मिळेल. बफेलो बिलने त्याचा वाइल्ड वेस्ट खेळ १८८३ ला सुरू केला. तेव्हा खरा वेस्ट अजून संपलाही नव्हता. १८८७ ला तो आख्खा तांडा, घोडे, बायसन, मूळ अमेरिकन कलाकार सगळे बोटीने लंडनला गेले, राणीने पण पाहिला. म्हणजे गुराख्याचं आयुष्य जगत असतानाच तिकीट लावून विकायला लागले होते. तिकीट आलं की जाहिरात आली, जाहिरात आली की त्या काळची जाडी अक्षरं आली. अर्थात त्याची मोठी पोस्टरं बरीचशी रंगीत लिथोग्राफ (दगडावर चित्र काढून छापलेली) होती, लाकडी टायपाची नाही. लिथोवर चित्रकार हाताने अक्षर काढायचा, त्याला ओळीत बसवायची अडचण नाही, वाकवा, फिरवा, काहीही करा. लाकडी टायपाचा धंदा बसायला लिथोनेच हातभार लावला.

सिनेमावाल्यांनी पुढे तेच उचललं. त्यांना एका फ्रेममधे काळ आणि जागा सांगायची असते, दोन सेकंदात. अक्षर हे सगळ्यात स्वस्त नेपथ्य आहे.

शंकासुर

हां, आता पटलं. 'काळाची खूण जागेची केली' हे बरोबर आहे. तरीपण मी माझ्या पाटीवर वेस्टर्न म्हणूनच लावणार, लंडनचं नाटक म्हणून नाही, सांगून ठेवतो. ;)

कोल्हापुरी_तडका

लावा की, कोण अडवतंय. आमच्याकडे तांबडा-पांढऱ्याच्या हॉटेलला पण लावलाय एकाने, वर दोन पिस्तुलं.

अवांतरराव

अवांतर: त्या टोकाला दुभंगलेल्या, शेपट्या फुटलेल्या अक्षरांना 'टस्कन' म्हणतात. याचं मूळ किती मागे जातं माहितीये? चौथ्या शतकातल्या रोमला. पोप डॅमॅसस पहिला याने हुतात्म्यांच्या थडग्यांवर कविता कोरून घेतल्या, त्या अक्षरांचा कारागीर फ्युरियस डायोनिसियस फिलोकॅलस. त्याच्या अक्षरांच्या टोकांना अशाच वळणदार शेपट्या आहेत. मधे दीड हजार वर्षं, मग लंडनच्या जाहिराती, मग अमेरिकेतलं मॅपल, आणि आता तडकासाहेबांचा तांबडा रस्सा. बाकी चालू द्या.

मधुरा_नि

माझा खरा प्रश्न राहिलाच. माझ्या नाशिकच्या बार्बेक्यूवाल्या क्लायंटला सेम हेच वळण पण मराठीत पाहिजे. 'राय'मधे देवनागरी नाही. मी 'रोझा वन' लावून बघितला, तो जाड-बारीक आहे पण वेस्टर्न वाटत नाही, सोन्याचांदीच्या दुकानाचा वाटतो. 'मोदक' लावला तर गोडाचा. कुणी देवनागरी वेस्टर्न केलाय का? नाहीतर मी इलस्ट्रेटरमधे काटे लावत बसते.

शिरोरेषा

मधुरा, काटे लावायच्या आधी हे वाच. मी अक्षरं काढते, हा उद्योग करून बसलेली आहे.

रोमन कॅपिटल अक्षरांचं काय आहे, ती वर आणि खाली दोन्हीकडे सपाट टेकतात. त्यामुळे फ्रेंच क्लॅरेंडनमधे वर एक जाड पट्टा आणि खाली एक जाड पट्टा असे दोन रूळ तयार होतात आणि शब्द त्यात अडकवल्यासारखा घट्ट दिसतो. देवनागरीला वरचा रूळ फुकटात मिळतो, शिरोरेषा जाड केली की झालं. खाली मात्र बोंब. म, स, न, ग, प यांना काना आहे, त्याच्या पायाशी पट्टी लावता येते. पण र, ट, ड, ढ, द, ह, छ ही शिरोरेषेला लोंबकळणारी अक्षरं, त्यांचा पाय कुठे? त्यांना बळंच पट्टी लावली की अक्षर विचित्र दिसतं, नाही लावली की शब्दाच्या खालच्या बाजूला खड्डे. 'मटण' लिही आणि बघ, म आणि ण ला बूट आणि मधला ट अनवाणी.

दांड्याच्या मधोमधचा काटा तर आणखी धोक्याचा. 'प' च्या कान्याला आतल्या बाजूने काटा लावला की तो 'ष' कडे झुकतो. 'व' च्या पोटात काटा गेला की 'ब'. रोमनमधे तो काटा नुसती सजावट आहे, आपल्याकडे त्या जागेवर आडव्या-तिरक्या रेषेला अर्थ आहे. म्हणून काटा द्यायचाच तर बाहेरच्या बाजूने, तोही बारीक, आणि शेजारच्या अक्षराला चिकटत नाही ना ते बघून.

तिसरं म्हणजे ओळींमधली जागा. इंग्लिशमधे सगळं कॅपिटल, त्यामुळे ओळीवर ओळ चिकटून बसते आणि तो ठासून भरलेला परिणाम येतो. आपल्याला वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार. 'कुर्ता' आणि 'पूर्ण' वरखाली लिही, मारामारी होते.

मग करायचं काय? हुबेहूब नक्कल सोड. शिरोरेषा जाड कर, काने जरा बारीक ठेव, म्हणजे जाड-बारीकचा उलटा कारभार आपोआप येतो, कान्याखाली छोटी पट्टी दे, बाकीच्या अक्षरांचा तळ जाड गोलाईने भर. एवढ्यावर थांब. शब्द निवडतानाच विचार कर, तीन-चार अक्षरी, उकार-रफार नसलेला शब्द असला तर निम्मं काम झालं.

खिळेजुळारी

वा, ताई. मुद्द्याचं लिहिलंत. 'अनवाणी ट' ला हसलो.

आपल्याकडे हे छापखान्यापेक्षा हाताने अक्षर काढणाऱ्यांनी जास्त चांगलं सोडवलं असं माझं मत. कमल शेडग्यांची नाटकांच्या जाहिरातीतली नावं आठवा. प्रत्येक नाटकाचं अक्षर वेगळं, नाव वाचायच्या आधी नाटक विनोदी का गंभीर ते कळायचं. टायपाला ते जमणं शक्य नव्हतं, कारण टायपात 'क' एकदाच कापलेला असतो, सगळ्या शब्दांत तोच. शेडगे त्या नावापुरता 'क' काढायचे. २०२० साली गेले ते.

मधुरा_नि

@शिरोरेषा ताई, सोन्यासारखा प्रतिसाद. शब्द 'चटकदार' आहे. उकार नाही, रफार नाही, पण ट आणि द दोन्ही अनवाणी. :(

शिरोरेषा

च चा काना, क चा दांडा, दा चा काना, तीन पाय आहेत की. त्या तिघांना पट्ट्या दे. ट, द आणि र चा तळ त्याच रेषेपर्यंत खाली ओढ आणि जाड कर, पट्टी देऊ नकोस. क चा दांडा मधे आहे, त्यामुळे त्याची पट्टी दोन्ही बाजूंना सारखी ठेव. हाताने अक्षर आणि रेडीमेड फॉन्ट एकत्र लावणार असशील तर इंग्लिश राय मोठा नको, मराठी मोठं ठेव, राय खाली बारीक ओळीत.

हाताने नसेल काढायचं तर 'यात्रा वन' बघ, मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलाय. वेस्टर्न नाही तो, पण रंगवलेल्या पाटीचा रांगडेपणा आहे, आणि मला विचारशील तर नाशिकच्या बार्बेक्यूला टेक्सासपेक्षा तोच जास्त शोभेल.

पाटीबहाद्दर

ताईंना +१. मी थोडं वापरण्याबद्दल सांगतो, कारण रोज हेच बघतो. ही अक्षरं दोन-चार शब्दांसाठी केलेली आहेत. दुकानाचं नाव, 'आज उद्घाटन', 'सेल', बास. परवा एक मेनूकार्ड आलं होतं, आख्खं राय मधे, किमतीसकट. सुक्कं किती रुपयांना ते शोधायला मोबाईलचा टॉर्च लागला. त्या काळच्या पोस्टरवरपण बारीक मजकूर साध्या पुस्तकी टायपातच असायचा, जरा जुनी पोस्टरं झूम करून बघा.

दुसरं म्हणजे ती ओरखडे, डाग, झिजलेल्या शाईची फिल्टरं. छापणाऱ्याचा प्रयत्न अक्षर काळंकुळं, भरीव उमटावं असाच असायचा. झीज ही शंभर वर्षांनंतर त्याच लाकडावर छापल्यामुळे दिसते. नवीन दुकानाची पाटी पहिल्याच दिवशी झिजलेली कशाला? ज्याची त्याची आवड, पण मला नाही आवडत.

मिलवॉकीची_मावशी

अगदी! म्युझियममधल्या बाईंनीपण हेच सांगितलं, की लोक येतात आणि मुद्दाम कमी शाई लावून छापायला मागतात, 'जुनं दिसू दे' म्हणून.

नवा_गडी

सगळा धागा वाचला, मजा आली. माझा साधा प्रश्न. मी ग्रामीण भागात फ्लेक्सचं दुकान चालवतो. राय, सँक्रीक, एवर्ट हे गूगलवरचे फॉन्ट धंद्यासाठी फुकट चालतात का, का नंतर कुणी पैसे मागतं? आणि १० बाय ४ च्या फ्लेक्सवर त्या अक्षरातली आतली बारीक रेघ भरून जाते, काय करू?

पाटीबहाद्दर

@नवा_गडी, गूगल फॉन्ट्सवरचे ओपन लायसन्सचे आहेत, धंद्यासाठी चालतात, पाटी छापा, टी-शर्ट छापा, फक्त फॉन्टची फाईलच वेगळी विकू नका. अडोबीचे रोजवुड वगैरे मात्र पैशाचे, ते कुणाच्यातरी पेनड्राइव्हवरून आणून लावू नका.

रेघ भरून जाते कारण अक्षर लहान आणि रेघ बारीक. एवर्टसारखा नक्षीवाला असेल तर शब्द कमी करा आणि अक्षर मोठं करा, तरी भरत असेल तर नक्षीवाला सोडून राय वापरा, त्यात आत रेघा नाहीत. आणि फाईल देण्याआधी अक्षरांचे कर्व्ह (नुसते आकार) करून द्या, म्हणजे समोरच्याच्या मशीनवर फॉन्ट नसला तरी बदलणार नाही.

नवा_गडी

कर्व्ह करूनच देतो. रायच लावतो मग. धन्यवाद दादा.

कोल्हापुरी_तडका

मधुराताई, 'चटकदार' झाला की फोटो टाका इथंच.